पाच डॉक्टर आणि एक पडदा

नागपुरातील मनीषनगरच्या आमच्या घरी, वर्धा मार्गावरील वर्दळ ओसरल्यावर, नातीला शेजारी घेऊन मी व्ही. शांताराम यांचा १९४६ सालचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ पाहत बसलो असता तिने मध्येच विचारले, ‘‘आबा, ही बाई चिनी आहे ना? मग मावशीसारखी कशी दिसते?’’

प्रश्न रास्त होता. पडद्यावरची चिंग लान म्हणजे जयश्रीबाई, आणि चिनी सेनापतीच्या वेषात बाबूराव पेंढारकर. जपानशी चाललेल्या युद्धात होरपळणारा अवघा चीन राजकमल कलामंदिराने मराठी नटांच्या मुखांवर रंगवून उभा केला होता. त्या काळी हा प्रघात सार्वत्रिक होता. जपानी आक्रमणावरच्याच ‘ड्रॅगन सीड’ या १९४४ च्या अमेरिकी चित्रपटात कॅथरीन हेपबर्न चिनी शेतकरीण झाली होती. रंगभूषेचा दोष मी एकट्या शांतारामबापूंच्या माथी मारणार नाही. उलट, ज्या परक्या समाजाला आपल्या प्रेक्षकाने कधी जवळून पाहिले नव्हते, त्याच्या दुःखाशी त्याला समरस करण्याची त्यांची तळमळ मला आजही वंदनीय वाटते. पण मूळची चिंग लान, म्हणजे डॉ. कोटणीसांची पत्नी क्वो छिंगलान, ही शुश्रूषाशास्त्र शिकविणारी, आघाडीवरच्या रुग्णालयात स्वतःच्या हिमतीने आलेली स्त्री होती, आणि पडद्यावर मात्र ती मुख्यत्वे नायकाची प्रिया व पत्नी म्हणूनच उरली, हे मला रंगापेक्षा अधिक सलते. चित्रपटाच्या अखेरीस ती तान्ह्या बाळासह सोलापूरच्या घरी येते; प्रत्यक्षात कोटणीसांच्या पश्चात ती चीनमध्येच राहिली आणि भारतात आली ती पुष्कळ वर्षांनी, पाहुणी म्हणून.

नागपूरकराच्या मनाला याहूनही जवळची एक खंत आहे. काँग्रेसने १९३८ च्या सप्टेंबरात चीनला रवाना केलेल्या वैद्यकीय पथकात पाच डॉक्टर होते: स्पेनच्या रणभूमीवर सेवा करून आलेले अलाहाबादचे अटल, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी, सोलापूरचे तरुण द्वारकानाथ कोटणीस, आणि या साऱ्यांत वयाने वडील असे आमच्या नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर. ज्या वयात माणूस दवाखान्याचा कारभार धाकट्यांच्या हवाली करून विसाव्याचा विचार करतो, त्या वयात या गृहस्थाने समुद्र ओलांडला. चीनमध्ये पाचही जणांच्या नावांना त्या देशाचे वाचक असे ‘हुआ’ हे अक्षर जोडण्यात आले. कोटणीस ‘के दिहुआ’ झाले, चोळकरांनाही तसेच नाव मिळाले, आणि परक्यांना आपल्या नावात सामावून घेण्याचा तो साधा संस्कार कोणत्याही रंगभूषेहून मला अधिक खरा वाटतो.

चोळकर १९३९ मध्ये परतले. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी तिकडेच निवर्तले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी पुस्तक लिहिले ते परत न आलेल्या एकाचे, आणि चित्रपट निघाला तो त्याच पुस्तकावरून. बत्तिसाव्या वर्षी परमुलखात देह ठेवणाऱ्याचा मान मोठाच, त्यात कमी-जास्त करण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु युद्धपटाला हौतात्म्य लागते, आणि जखमा शिवून मुकाट्याने घरी परतलेला प्रौढ डॉक्टर त्याच्या दप्तरात दाखल होत नाही.

नातीने नंतर विचारले, ‘‘यांतले नागपूरचे कोणते?’’ मी पडद्यावरच्या घोळक्याकडे पाहिले, आणि मला बोट दाखविता आले नाही.