पडद्याच्या तळाशी दोन ओळी

मूकपटांच्या जमान्यात एक गोष्ट फार छान होती, आणि तेव्हा ती बहुधा कुणाच्या लक्षातही आली नसेल. ऐकू येणारा आणि न येणारा शेजारी बसून एकच सिनेमा बघायचे. १९१३ साली गिरगावच्या कोरोनेशनमध्ये फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला, तेव्हा कथा सांगणाऱ्या पाट्या मधूनमधून पडद्यावर यायच्या. वाचता येणाऱ्याला तेवढं पुरे होतं. मग बोलपट आले. अमेरिकेत १९२७ साली 'द जाझ सिंगर', आपल्याकडे १९३१ साली 'आलम आरा'. पात्रं बोलू लागली, पाट्या गेल्या, आणि कर्णबधिर माणसाचा सिनेमा तिथेच संपला.

त्यावर उपाय शोधणाऱ्यांत एक नटच होता. एमर्सन रोमेरो, जन्म क्यूबातला, स्वतः कर्णबधिर, मूकपटांत विनोदी कामं करणारा. १९४७ साली त्याने बोलपटांची रिळं कापून मध्ये जुन्यासारख्या पाट्या जोडायला सुरुवात केली. पुढे १९५८ साली अमेरिकन सरकारने कायदा करून कर्णबधिरांसाठी ओळी लिहिलेले चित्रपट पुरवण्याची सोय केली.

टीव्हीवर ही सोय यायला १९७२ साल उजाडलं. बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच केंद्राने ज्युलिया चाइल्डच्या पाककृतींच्या कार्यक्रमाखाली ओळी दाखवल्या, त्याही सगळ्यांना दिसतील अशा. पण ऐकणाऱ्या प्रेक्षकांना त्या खुपतील अशी वाहिन्यांना धास्ती! मग युक्ती निघाली. टीव्हीच्या संदेशातल्या एकविसाव्या रेषेत, जी पडद्यावर दिसत नाही, तिथे मजकूर लपवायचा. १६ मार्च १९८० पासून अमेरिकेत हे नियमित सुरू झालं. मात्र लपलेला मजकूर बाहेर काढायला वेगळा डबा लागे आणि तो विकत घ्यायचा कुणी? ज्याला ऐकू येत नाही त्याने! अखेर १९९० साली कायदा झाला आणि जुलै १९९३ पासून तेरा इंची किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक नव्या टीव्हीत ती सोय आतच बसवावी लागली. खर्च सगळ्यांत वाटला गेला.

आपल्याकडे या ओळींनी वेगळंच काम केलं. ब्रिज कोठारी यांच्या कल्पनेतून २००२ साली दूरदर्शनच्या 'चित्रहार'मध्ये हिंदी गाण्यांखाली हिंदीच शब्द येऊ लागले. हेतू हा, की जेमतेम वाचता येणाऱ्यांनी गाणं म्हणता म्हणता वाचावं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आत्याच्या पंच्याहत्तरीचा व्हिडिओ. घरच्या कॉम्प्युटरवर त्याला ओळी द्यायला बसलो. काम सोपं, पण किचकट. आवाज ऐकायचा, वाक्य टाईप करायचं, ते कधी यावं नि कधी जावं ती वेळ जुळवायची. आणि शेवटी सॉफ्टवेअर विचारतं, ओळी चित्रातच कायमच्या छापू, की वेगळी फाईल देऊ? म्हणजे १९७२ की १९८०, तोच प्रश्न! वेगळी फाईल नीटनेटकी असते, हवी तेव्हा बंद करता येते, चूक सुधारता येते. पण व्हिडिओ मोबाईलवरून पुढे पाठवला की ती मागेच राहते. आमच्या मोठ्या काकांना आता जवळजवळ ऐकू येत नाही. त्यांनी फाईल शोधत बसायची का? मी छापूनच टाकल्या. कुणाला त्या खुपल्या तर खुपोत.

एक सांगायचं राहिलं. नुसती वाक्यं लिहून भागत नाही. आत्या मध्येच थांबते आणि सगळे हसतात, तिथे '(सगळे हसतात)' असंही लिहावं लागतं. नाहीतर काकांना ती नुसतीच गप्प दिसणार.

असो. तुमच्याही कपाटात लग्नामुंजींच्या कॅसेट असतीलच. त्यांतलं कोण काय बोलतंय हे ओळखणारी माणसं आहेत, तोवर ओळी लिहून घ्या.