गलगंड आणि आडगांवचा डॉक्टर

रूढ वैद्यकाशीं ज्याचें पटत नाहीं अशा डॉक्टराकडे लोक दोन प्रकारांनीं पाहतात. कोणी त्याला तऱ्हेवाईक म्हणून हंसतात. तर तो बहुमताविरुद्ध बोलतो, एवढ्यावरूनच कोणी त्याला द्रष्टा ठरवितात. हल्लीं थायरॉईडचा विकार घरोघरीं ऐकूं येतो, आणि 'इतर डॉक्टरांना हें समजलेंच नाहीं' असें सांगणारे उपदेशकही पुष्कळ आढळतात. त्यांचें ऐकावें कीं न ऐकावें, याचा निवाडा करण्यास गलगंडाचा इतिहास आम्हांस फार उपयोगी वाटतो. कारण या इतिहासांत आडगांवच्या एका डॉक्टराचें मत खरें ठरलें, आणि तें कां खरें ठरलें हेंही त्यांत स्पष्ट दिसतें.

गलगंड हा शब्द आपल्याकडे सुश्रुतसंहितेइतका जुना आहे. परंतु या रोगाचा निकाल लागला तो मुख्यतः स्वित्झर्लंडांत. आल्प्स पर्वताच्या कित्येक खोऱ्यांत गळ्याची गांठ ही नित्याचीच गोष्ट होती, आणि मुकीं-बहिरीं, खुजीं व मतिमंद मुलें तेथें पिढ्यान्‌पिढ्या जन्मास येत. १८११ सालीं कुर्त्वा या फ्रेंच गृहस्थास समुद्रांतील शेवाळाच्या राखेंत आयोडीन सांपडलें. गलगंडावर जाळलेला स्पंज देण्याची प्रथा जुनीच होती. स्पंजही समुद्रांतलाच, तेव्हां त्याचा गुण आयोडीनचाच असावा, असें जिनिव्हाच्या क्वांदे या डॉक्टरानें ताडलें आणि १८२० सालीं आयोडीनचा अर्क रोग्यांस देऊन गांठी ओसरतात हें दाखविलें. पण लोकांनीं तो वाटेल तितका घेतला. कित्येक रोगी वाळले, त्यांच्या छातींत धडधड होऊं लागली, आणि चांगल्या औषधाचें नांव वाईट झालें. पुढें बुसिंगो यांनीं दक्षिण अमेरिकेंत पाहिलेल्या गोष्टींवरून आयोडीनयुक्त मिठाची शिफारस केली. १८५० नंतर शातें यांनीं जेथें पाण्यांत आयोडीन कमी तेथें गलगंड अधिक, असें मांडलें. पॅरिसच्या विद्वन्मंडळीस तें सिद्ध झालेलें वाटलें नाहीं, आणि विषय मागें पडला.

मग पाळी आली शस्त्राची. बर्नचे कोखर यांच्या हातचें कौशल्य असें कीं, पूर्वी जीवघेणी असलेली ही शस्त्रक्रिया त्यांनीं निर्धास्त करून सोडली. परंतु ज्यांची ग्रंथि समूळ काढली, ते रोगी पुढें सुजट, मंद आणि जडवाचेचे झाले. कोखर यांनीं १८८३ सालीं ही गोष्ट स्वतःच जगजाहीर केली आणि संपूर्ण ग्रंथि काढणें सोडून दिलें. १९०९ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. पण त्यांची थोरवी आम्हांस त्या कबुलींत अधिक दिसते.

१८९५ सालीं बाउमान यांना या ग्रंथींतच आयोडीन सांपडलें. तरी बहुतेक तज्ज्ञांचा ओढा दूषित पाण्याकडे राहिला. काळ जंतुशास्त्राच्या विजयाचा होता. आपल्याकडे गिलगिटांत मॅकॅरिसन यांनीं गलगंडाच्या गांवच्या पाण्याचा गाळ स्वतः पिऊन पाहिला, आणि त्यांच्या प्रयोगांत कांहींच्या गळ्यांस सूजही आली. म्हणजे प्रस्थापित मत हें कांहीं मूर्खांचें मत नव्हतें, हें विसरतां कामा नये.

अशा वेळीं, १९१४ सालीं, झुरिकजवळच्या अ‍ॅडलिसविल गांवचे साधे डॉक्टर हुन्झिकर यांनीं उलट विचार मांडला. गळ्याची वाढ हें बाहेरून शिरलेल्या विषाचें कार्य नसून, आयोडीनच्या तुटवड्याशीं शरीरानें जुळवून घेतलें त्याची ती खूण आहे. आणि उपाय म्हणून आयोडीन अगदीं अल्प प्रमाणांत दिलें पाहिजे, असें त्यांचें म्हणणें. हा तर्क कसास लावला तो ओट्टो बायार्ड यांनीं. झरमाटकडे जाणाऱ्या खोऱ्यांत ते वैद्यकी करीत. १९१८ सालीं सुमारें १६०० मीटर उंचीवरील ग्रेखेन खेड्यांत त्यांनीं कांहीं कुटुंबांना मोजून आयोडीन घातलेलें मीठ दिलें. कोणास कमी, कोणास किंचित अधिक. कांहीं महिन्यांनीं पाहतात तों मुलांच्या गांठी ओसरल्या होत्या आणि विषबाधेची खूण कोठेंही नव्हती. १९२२ सालीं एग्गेनबर्गर या शस्त्रवैद्यानें आपल्या आपेन्झेल प्रांतांत असें मीठ विक्रीस आणविलें. त्याच वर्षीं स्विस गलगंड समितीनें त्याची शिफारस केली. किलोमागें आयोडीन सुमारें चार मिलिग्रॅम! २०१४ सालापासून तेथें हेंच प्रमाण पंचवीस मिलिग्रॅम आहे. इतकी सावधगिरी अनाठायीं नव्हती. १९६६ सालीं टास्मानियांत पावामध्यें आयोडीन घालूं लागल्यावर, जुन्या गांठी असलेल्या कित्येक प्रौढांत ग्रंथीचा अतिरेकी व्यापार वाढलेला दिसला. आपल्या देशांत १९५६ पासून रामलिंगस्वामी आणि त्यांचे सहकारी यांनीं कांग्रा खोऱ्याचे विभाग पाडले, आणि साधें व आयोडीनयुक्त मीठ देऊन तुलना केली; १९६२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. आजचा उपदेशक हटकून या खेड्यांतील डॉक्टरांचा दाखला देतो. 'त्यांनाही कोणी मानलें नाहीं, मलाही कोणी मानीत नाहीं,' हा त्याचा युक्तिवाद. पण क्वांदेच्या औषधाचा अतिरेक आणि बायार्डच्या मिठाची चिमूट यांत द्रव्य एकच असून फरक मापाचा आहे. शिवाय जेथें आयोडीनची वाण नाहीं, तेथें ग्रंथि मंदावण्याचें मुख्य कारण शरीराचाच स्वतःवरील हल्ला हें होय. त्या जातीचा विकार हाशिमोतो यांनीं १९१२ सालींच वर्णिला आहे. त्यावर आयोडीनचा मारा केल्यास विकार बळावण्याचाच संभव.

आमच्या घरींच याचा प्रत्यय आला. आमच्या वहिनींनीं अशाच एका स्वतंत्र बुद्धीच्या गृहस्थाच्या सांगण्यावरून रोजची गोळी सोडली आणि त्यांचे थेंब सुरू केले. सहा महिन्यांत त्यांचा चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला, आणि घरभर वावरणारी बाई खुर्चींत बसल्या जागीं पेंगूं लागली. कोखरच्या रोग्यांचें वर्णन आम्हीं पुष्कळदां वाचलें होतें. तरी समोर बसलेलें तें चित्र ओळखण्यास आम्हांस वेळ लागला, याची लाज वाटते. गोळी पुन्हा सुरू झाली आणि वहिनी पूर्ववत् झाल्या. त्या गृहस्थास ही हकीकत कळविली, तेव्हां 'थेंब नेटानें घेतले नसतील,' एवढेंच उत्तर आलें.

बायार्ड आणि हे गृहस्थ यांतील अंतर त्या उत्तरांत आहे. बायार्डचें मीठ व्यर्थ ठरलें असतें, तर तें ग्रेखेनमध्यें उघड दिसलें असतें. या थेंबांना मात्र व्यर्थ ठरण्याची वाटच ठेवलेली नव्हती. कोखर बहुमान्य, बायार्ड आडगांवचा. पण आपली चूक उघडी पडूं देण्याची तयारी दोघांचीही होती. वेगळें मत सांगणारा डॉक्टर भेटला तर त्याला हंसूं नये. त्यानें काय मोजलें आणि काय दिसलें असतां तो आपलें मत सोडील, एवढें विचारावें. वहिनींनीं तें विचारलें नव्हतें. आणि घरांत प्राध्यापक असून आम्हींही विचारलें नव्हतें.