'वज्र' आणि फिनिश 'वसरा'

फिनलंडमध्ये हातोड्याला 'वसरा' म्हणतात. फिनिश ही उरल कुळातली भाषा. मराठी किंवा संस्कृत तिच्या कुळातल्या नाहीत. तरीही भाषाशास्त्रज्ञ 'वसरा' आणि 'वज्र' यांचे मूळ एकच मानतात.

यावरून 'संस्कृत भाषा फिनलंडपर्यंत पोचली होती' असे म्हणण्याचा मोह होतो. तो टाळायला हवा. अवेस्ताच्या भाषेतही हाच शब्द 'वझ्र' या रूपात आहे. म्हणजे तो संस्कृतच्या आधीच्या इंडो-इराणी बोलीतला. त्या बोलीचे भाषक आणि फिनिशच्या पूर्वजभाषेचे भाषक कधीकाळी शेजारी होते. त्या शेजारातून शब्द उसना गेला. शंभरासाठीचा फिनिश 'सता' याच वाटेने आलेला. आपला 'शत' त्याचा जनक नव्हे, भावंड आहे.

ऋग्वेदात त्वष्टा इंद्रासाठी वज्र घडवतो. फिनिश पुराणकथांतही गडगडाटाचा देव उक्को याच्या हाती 'वसरा' आहे. पुढे मराठीत हा शब्द वज्रमूठ, वज्रलेप यांतून घट्टपणाचा अर्थ घेऊन राहिला; फिनलंडमध्ये मात्र तो सुताराच्या हत्यारांत जाऊन रोज खिळे ठोकतो आहे.