आजीला नेमकं काय विचारायचं?

बेचाळीस साल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नऊ ऑगस्ट येतो. चेक माणसाला त्याच सालचे मे आणि जून आठवतात. २७ मे १९४२ च्या सकाळी योझेफ गाब्चिक आणि यान कुबिश हे दोन सैनिक प्रागमधल्या एका वळणावर राइनहार्ड हायड्रिखच्या उघड्या मोटारीची वाट पाहत थांबले होते. इंग्लंडहून आणून त्यांना रात्री पॅराशूटने उतरवलेलं होतं. हायड्रिख म्हणजे नाझींनी व्यापलेल्या चेक प्रदेशाचा कारभारी आणि ज्यूंच्या संहाराच्या मुख्य सूत्रधारांपैकी एक. गाब्चिकची स्टेनगन ऐन वेळी अडकली. मग कुबिशने बाँब फेकला. हायड्रिख जखमी झाला आणि ४ जूनला मेला. १० जूनला नाझींनी लिदित्से नावाचं गावच पुसून टाकलं. १७३ पुरुषांना तिथेच गोळ्या घातल्या, बायकांना राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत पाठवलं आणि पुढे ८२ मुलांना विषारी वायूने मारलं. 'हत्या झाली ते बरं झालं' असं नुसतं म्हणणाऱ्यालाही देहदंड होता.

हे सारं पुस्तकात मिळतं. पण ज्यांच्या दारावर त्या जूनमध्ये थाप पडली, त्या घरात पुढे पन्नास-साठ वर्षं काय बोललं गेलं आणि काय नाही, ते कुठून कळायचं? याच प्रश्नाभोवती रचलेला एक संगणकावरचा खेळ नातवाने मला लॅपटॉपवर घालून दिला. नाव 'अटेंटाट १९४२'. प्रागचं चार्ल्स विद्यापीठ आणि चेक विज्ञान अकादमी यांनी मिळून तो केला आणि २०१७ साली तो जगभरच्या खेळाडूंसाठी आला. (खेळ म्हटल्यावर माझ्या वयाच्या वाचकांनी लगेच पान उलटू नये. यात धावपळ नाही, बंदूक नाही. चित्रावर माउस न्यायचा आणि टिचकी मारायची, एवढंच कौशल्य लागतं.)

आपण यात एका घरातलं नातवंड असतो. हायड्रिखवरच्या हल्ल्यानंतर लगेचच आजोबांना गेस्टापोने पकडून नेलं होतं. का? त्यांचा हल्ल्याशी काही संबंध होता का? आणि ते याबद्दल कधीच का बोलले नाहीत? उत्तरं शोधायला आपण आजीकडे आणि इतर साक्षीदारांकडे जातो. समोर माणूस बसलेला दिसतो, चेकमध्ये बोलतो, खाली इंग्रजी अक्षरं उमटतात. आपण दोन-तीन प्रश्नांतून एक निवडायचा. आठवण सुरू झाली की पडद्यावर काळीपांढरी चित्रकथा येते, अधूनमधून त्या काळच्या खऱ्या चित्रफिती.

मला आवडलं ते हे, की काहीही केलं तरी आजोबांची अटक टळत नाही. खेळ म्हटला की जिंकायचं असतं ना! इथे झालेलं झालेलंच राहतं. बदलतं ते फक्त आपल्याला किती कळतं ते. प्रश्न उद्धटपणे किंवा घाईने विचारला तर म्हातारं माणूस मिटून जातं आणि धागा तुटतो. इतिहास शिकवताना सनावळ्या पाठ करून घेणं सोपं असतं. प्रश्न विचारायला शिकवणं फार अवघड. ते इथे आपसूक घडतं.

पण घोडंही तिथेच अडतं. फसलेली मुलाखत पुन्हा घ्यायची तर नाणी मोजावी लागतात, आणि ती नाणी छोटे-छोटे खेळ खेळून मिळवायची. एका बाजूला छळछावणीची आठवण आणि दुसऱ्या बाजूला जत्रेतल्यासारखं बक्षीस... मन खट्टू झालं. शिवाय प्रश्न आयते हाती दिले की मुलगा उत्तराचा नव्हे, 'बरोबर पर्याया'चा विचार करू लागतो. ही परीक्षेची सवय मला चांगली ठाऊक आहे. जोडीला एक छोटा ज्ञानकोश दिला आहे. माहिती उत्तम, पण बेत मात्र थेट पाठ्यपुस्तकाचाच.

याहून मोठी गोष्ट वेगळीच. समोर बोलणारी ती माणसं नट आहेत. त्यांच्या कहाण्या अभ्यासातून आणि खऱ्या आठवणींच्या आधाराने रचलेल्या, पण रचलेल्याच. अभिनय इतका सच्चा आहे की मध्येच खरी चित्रफीत आली तरी सांधा जाणवत नाही. इतिहासाच्या शिक्षकाला हे खुपायलाच हवं. साधन कोणतं आणि रचना कोणती, हे विद्यार्थ्याला वेगळं करता आलं पाहिजे, नाहीतर उद्या कोणी वाईट हेतूने हेच केलं तर तो कसा ओळखणार?

यावर मी बरेच दिवस विचार करत होते. पडद्यावर खरोखरची लिदित्सेची एखादी आजी असती, आणि मी चुकीचा प्रश्न विचारला म्हणून ती रडून उठली असती, आणि मी चार नाणी टाकून तिला पुन्हा खुर्चीत बसवलं असतं, तर? ते पाहवलं नसतं. खऱ्या माणसाचं दुःख असं पुन्हा पुन्हा उगाळायला घेता येत नाही. म्हणजे नट घेतले म्हणूनच चुकून-चुकून विचारायला शिकता येतं. तरीही वर्गात दाखवायचा झाला तर प्रत्येक मुलाखतीनंतर मी पडदा थांबवीन आणि 'ही बाई कोण?' एवढं विचारीन. मग तिच्या बोलण्यातलं काय कागदपत्रांत सापडेल आणि काय कधीच सापडणार नाही, याच्या दोन याद्या मुलांकडून करून घेईन.

लिदित्सेची एवढी किंमत मोजून हायड्रिखला मारावं का, हा प्रश्न मात्र खेळ एका कुटुंबाच्या उंबऱ्याआतूनच पाहतो. बाहेरच्या वाचकाला थोडं आधी वाचून बसावं लागतं.

याच मंडळींचा 'स्वोबोदा १९४५' हा पुढचा खेळ २०२१ साली आला. त्यात युद्धानंतर चेक लोकांनी आपल्याच जर्मनभाषक शेजाऱ्यांना घालवून दिलं, तो विषय आहे. म्हणजे या वेळी आजीला विचारायचे प्रश्न अधिक अडचणीचे. तो मी अजून खेळलेले नाही.