रिकामी पुंगळी खरंच रिकामी असते का? वापरलेल्या प्रायमरमधलं शिसं घरात कसं येतं, समजून घ्या

गोळीबाराची बातमी वाचताना एक ओळ हमखास दिसते: घटनास्थळावरून पोलिसांनी रिकाम्या पुंगळ्या जप्त केल्या. गोळी सुटली, आतली दारू जळली, उरली ती पितळेची पोकळ नळी. म्हणजे आता ती निरुपद्रवी, असं आपल्याला वाटतं. पण त्या पुंगळीच्या बुडाशी एक छोटी गोल चकती असते आणि तिच्या आत काळी राख उरलेली असते. त्या राखेत शिसं असतं.

परदेशातले हौशी नेमबाज घरच्या घरी वापरलेली काडतुसं पुन्हा भरतात, असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. त्यात एक गोष्ट सारखी दिसते. पुंगळीतून काढलेल्या चकत्या जमिनीवर सांडू नयेत म्हणून कुणी यंत्राला नळी लावतं, कुणी खाली बंद बाटली ठेवतं. एवढा खटाटोप कशासाठी? आणि पुण्यात राहणाऱ्या आपला याच्याशी काय संबंध? पाहूया.

प्रायमर म्हणजे नेमकं काय?

दिवाळीतल्या टिकल्या आठवा. दगडाने ठेचली की टिकली फटकन वाजते, तिला काडी लावावी लागत नाही. प्रायमरही असाच ठोक्याने पेटतो. फक्त त्याचं रसायन वेगळं आणि कितीतरी घातक असतं.

काडतुसाचे मुख्य भाग चार: पुढे गोळी, मध्ये दारू, बाहेरून पुंगळी आणि बुडाशी प्रायमर. पिस्तूल आणि रायफलच्या काडतुसातला प्रायमर जेमतेम साडेचार ते साडेपाच मिलिमीटर रुंद असतो. चाप ओढला की बंदुकीतली पिन त्यावर आदळते, ठिणगी दारूपर्यंत जाते आणि गोळी सुटते.

आज वापरात असलेले प्रायमरचे दोन मुख्य प्रकार, बॉक्सर आणि बर्डन, दोन्ही १८६० च्या दशकातले. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, म्हणजे साधारण त्याच काळातला. आज हा कारखाना २०२१ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुण्यातच मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे.

मग त्यात धोका कसला?

बहुतेक प्रायमरमध्ये तीन मुख्य घटक असतात: लेड स्टिफनेट, बेरियम नायट्रेट आणि अँटिमनी सल्फाइड. पहिल्यातून शिसं येतं. गोळी सुटल्यावर यातला काही भाग धुरात जातो, काही नेमबाजाच्या हातांवर आणि कपड्यांवर बसतो, काही पुंगळीत आणि प्रायमरच्या वाटीत राहतो.

म्हणूनच संशयिताने बंदूक चालवली होती का, हे तपासताना फॉरेन्सिक तज्ज्ञ त्याच्या हातांवर शिसं, बेरियम आणि अँटिमनी यांचेच कण शोधतात. जे कण पोलिसांसाठी पुरावा असतात, तेच नेमबाजाच्या घरात विष ठरू शकतात.

शिशाचं प्रमाण कितीही कमी असलं तरी ते सुरक्षित आहे असं म्हणता येत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. लहान मुलांना धोका सर्वात जास्त. पोटात गेलेलं शिसं मुलांचं शरीर मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषून घेतं आणि त्याचा थेट परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो. त्यात रांगणारं मूल जमिनीवरचा हात तोंडात घालणारच.

भारतात हा प्रश्न आधीच मोठा आहे. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार देशातल्या सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण दर डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त असण्याचा अंदाज आहे. त्यामागे जुन्या बॅटऱ्यांसारखी मोठी कारणं आहेत. बंदुकीच्या धुळीचा वाटा त्यात किरकोळ असेल, पण ज्या घरात ती येते त्या घरासाठी ती किरकोळ नसते.

परदेशात ही धूळ कशी अडवतात?

अमेरिकेसारख्या देशात घरी काडतूस भरणं हा रीतसर छंद आहे. त्यात सर्वात जास्त राख सुटते ती जुना प्रायमर ढकलून बाहेर काढताना. त्यामुळे काळजीपूर्वक काम करणारे लोक काही नियम पाळतात.

- प्रायमर उघड्या ताटलीत पडू देत नाहीत. ते नळीतून थेट झाकणाच्या बाटलीत जातात.
- पुंगळ्या कोरड्या घुसळण्याऐवजी पाण्यात धुतात, म्हणजे धूळ हवेत उडत नाही.
- सांडलेली राख झाडूने झाडत नाहीत आणि साध्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढत नाहीत. दोन्हींमुळे बारीक कण उलट घरभर पसरतात. ओल्या फडक्याने पुसून घेतात.
- हे काम स्वयंपाकघरात किंवा मुलांच्या खोलीत करत नाहीत. काम चालू असताना खाणं-पिणं बंद.
- न वापरलेला, म्हणजे जिवंत प्रायमर या बाटलीत कधीच टाकत नाहीत. तो ठोक्याने किंवा उष्णतेने पेटू शकतो.

भारतात घरी काडतूस भरता येतं का?

थोडक्यात उत्तर: बंदुकीचा परवाना आहे म्हणून नाही.

शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार शस्त्र आणि दारूगोळा बाळगण्याचा परवाना कलम ३ खाली येतो, तर बनवण्याचा आणि विकण्याचा कलम ५ खाली. जुन्या पुंगळीत नवा प्रायमर, दारू आणि गोळी बसवली की तयार होतं ते जिवंत काडतूसच. कलम ५ मोडल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं ते जन्मठेप इतकी शिक्षा होऊ शकते. त्यामुळे व्हिडिओ पाहून हा प्रयोग करायला जाऊ नका.

मग आठवण म्हणून ठेवलेल्या रिकाम्या पुंगळीचं काय? इथे कायदा जरा गुंतागुंतीचा आहे. दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रंही येतात. पण इतर भागांना जोडून वापरण्याचा हेतू नसलेल्या किरकोळ भागांना कलम ४५ सूट देतं. ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यात स्पष्ट केलं आहे. तरीही हा बचाव मांडण्याची वेळ येते ती बहुतेकदा पोलिसांची चौकशी सुरू झाल्यावर. त्यामुळे पुंगळीचं कीचेन बॅगेत टाकून विमानतळावर न गेलेलंच बरं.

मग पुणेकरांनी काय लक्षात ठेवायचं?

घरी काडतूस भरलं नाही तरी धूळ घरी येऊ शकते, ती रेंजवरून. म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडासंकुलात मोठी शूटिंग रेंज आहे. कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकल्यावर अनेक पालकांचं या खेळाकडे लक्ष गेलं.

त्याच्या स्पर्धेत पॉइंट टू टू बोअरची काडतुसं वापरतात. त्यांना वेगळा प्रायमर नसतो, पेट घेणारं रसायन पुंगळीच्या कडेतच भरलेलं असतं. त्यामुळे काढायला चकती नाही, पण राख असतेच. मुलं सहसा सुरुवात करतात त्या १० मीटर एअर रायफल आणि पिस्तुलात दारू नसते, मात्र छर्रे बहुधा शिशाचेच असतात आणि ते बोटांनीच भरावे लागतात.

म्हणून पालक आणि खेळाडूंसाठी हे पाच नियम:

१. सराव संपल्यावर आधी साबणाने हात आणि तोंड धुवा, मगच डबा उघडा. नुसतं सॅनिटायझर लावून शिसं निघत नाही.
२. छर्रे तोंडात धरू नका.
३. रेंजवरचे बूट घराबाहेर ठेवा आणि सरावाचे कपडे वेगळे धुवा.
४. रिकाम्या पुंगळ्या मुलांना खेळायला देऊ नका. रेंजवर त्या जमा करण्याची जी जागा असेल तिथेच टाका.
५. नियमित सराव असेल तर डॉक्टरांशी बोलून रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या.

आणि टेकडीवर, किल्ल्यावर किंवा जुन्या सामानात काडतूस सापडलं तर? ते रिकामं आहे की जिवंत, हे ठोकून किंवा उघडून पाहू नका. हात न लावता ११२ वर फोन करा. बुडाच्या चकतीवर पिनचा खळगा दिसला तरी खात्री धरू नका, कारण कधीकधी ठोका बसूनही काडतूस पेटलेलं नसतं.