तबकडी : लाखेची आणि अल्युमिनियमची

गाण्याची तबकडी आपल्या देशात आली त्याला आता सव्वाशे वर्षे होत आली. १९०२ च्या नोव्हेंबर महिन्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्ग या गृहस्थाने कलकत्त्यात गौहर जान या गायिकेचे गाणे मुद्रित केले. मेणावर घेतलेले ते ठसे जहाजाने जर्मनीतील हॅनोव्हर शहरी गेले; तेथे त्यांच्या तबकड्या झाल्या आणि त्या विकावयास पुन्हा इकडे आल्या. आता गंमत पाहा. या तबकडीतला मुख्य पदार्थ लाख. आपल्या पळसाच्या, बोरीच्या आणि कुसुमाच्या फांदीवर एक बारीक किडा जी लाख करतो, तीच ही. आपल्या विदर्भात भंडारा-गोंदियाकडच्या जंगलांत ती निघते. म्हणजे लाख हिंदुस्थानची, आवाज हिंदुस्थानचा आणि कारखाना मात्र जर्मनीचा! पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला, तेव्हा हा द्राविडी प्राणायाम थांबला.

या काळ्या, ठिसूळ तबकडीने केवढे काम केले ते एकाच गुरुशिष्यांच्या जोडीवरून ध्यानात यावे. बालगंधर्वांचा आवाज आजही आपण ऐकतो. त्यांना गाणे शिकविणारे भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, आणि त्यांच्या गाण्याविषयी आपण फक्त वाचतो. बालगंधर्वांच्या तबकड्या तरी कशा उरल्या? कोणी जुन्या लुगड्यात गुंडाळून त्या पेटीत ठेवल्या म्हणून. लाखेची तबकडी हातून पडली की तुकडे. स्पिरिटने पुसली की लाख विरघळून ओरखडे-आवाज सगळे एक होणार. अशा हजारो फुटल्या. ज्या राहिल्या त्या हौशी माणसांच्या घरी राहिल्या. या हौशी मंडळींनी पुढे १९९० मध्ये मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था काढली आणि घरोघरच्या तबकड्यांची टिपणे केली.

योगायोग असा की, १९८२ च्या ऑगस्टमध्ये नव्या काळाची तबकडी, म्हणजे आपण जिला सीडी म्हणतो ती, प्रथम कारखान्यातून बाहेर पडली तीही हॅनोव्हरलाच, शहराला लागून असलेल्या लांगेनहागेन येथे. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून ती सिद्ध केली होती. सुई नाही, घासणे नाही, तेव्हा ही कायमची टिकणार असा जाहिरातींचा सूर होता. लोकांनीही तो खरा मानला. आपल्याकडे तर इतका, की सीडी ताटलीसारखी हाताळावयाची अशी रीतच पडली.

आणि इथेच आपला, म्हणजे खेड्यातला, प्रश्न येतो. उमरखेड तालुक्यातील आमची ढाणकी घ्या. या शतकाच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांत लग्न झाले की त्याची सीडी, शाळेचे स्नेहसंमेलन झाले की सीडी, भजनी मंडळाचा सप्ताह झाला की सीडी. भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या आजीबाई, तांड्यावर तीजेची गाणी म्हणणाऱ्या मुली, दंडारीतले जुने गडी. कोणाचा ना कोणाचा आवाज अशा एखाद्या तबकडीवर असावयाचा. बालगंधर्वांच्या एका तबकडीच्या शेकडो प्रती निघाल्या होत्या. आजीबाईंची प्रत एकच. आणि तीही कारखान्यात ठशाने घडलेली नव्हे, तर दुकानातल्या संगणकावर 'कॉपी मारलेली'. ही जात सर्वांत नाजूक. कारखान्याच्या सीडीत बारीक खळगे उठविलेले असतात. या घरगुती सीडीत खळगे नसून रंगाचा एक थर असतो आणि तो किरणाने जाळून खुणा केलेल्या असतात. उन्हाने लुगड्याचा रंग उडतो तसा हाही उडतो.

सीडीची घडण समजली की तिची निगा कशी राखावी हे वेगळे सांगावे लागत नाही. रुंदी १२ सेंटिमीटर, जाडी सव्वा मिलिमीटरहून थोडी कमी. ही जाडी जवळजवळ सगळी पारदर्शक प्लॅस्टिकची. तिच्या वरच्या अंगाला खुणा, त्यांवर अल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा, त्यावर लाखटाचा पुसट हात आणि त्यावर छापलेले नाव. तेव्हा खरी नाजूक बाजू चकाकणारी नव्हे, नावाची! खालून ओरखडा पडला तर तो प्लॅस्टिकवर पडतो. वरून पडला तर थेट मजकूरच खरवडला जातो. आपण मात्र चकाकणाऱ्या बाजूला जपतो आणि नावाच्या बाजूवर बॉलपेनने दाबून लिहितो. शाईच्या मऊ टोकाच्या लेखणीने, आणि तेही मधल्या मोकळ्या कड्यावर लिहावे. कागदी चिठ्ठी चिकटवू नये. ती निघताना मुलामा घेऊन निघते.

पुसण्याचे तंत्र शेतकऱ्याला चटकन कळेल. मजकूर मधल्या भोकाकडून बाहेर, गोलगोल, एकाच लांब तासासारखा चालतो. हे तास इतके दाट, की डोक्याच्या एका केसाखाली चाळीसेक मावतील. आता पेरलेल्या वावरातून शेळी आडवी गेली तर दर तासातले एखाद-दुसरे झाड जाते; आपण नांगे भरतो, पीक उभे राहते. तीच शेळी एका तासाच्या लांबीने चरत गेली तर तास गेला. सीडीच्या यंत्रालाही नांगे भरता येतात. रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडलेल्या गणिताच्या आधारे तासावरची सुमारे अडीच मिलिमीटरची तूट ते बिनचूक भरून काढते, पण त्याहून फारशी मोठी नाही. म्हणून फडके मधून कडेकडे सरळ ओढावे, गोल फिरवू नये. चुकून ओरखडा पडलाच तर तो आडवा पडेल. फडके जुन्या धुतलेल्या मलमलीचे असावे. आधी धूळ फुंकणीने उडवावी. डाग असेल तर शुद्ध केलेल्या पाण्याचा थेंब पुरे. रॉकेल, पेट्रोल, थिनर मुळीच नको. कोणी दंतमंजन सुचवितात. ते ओरखडे घालविण्याऐवजी नवे पाडते.

धरावी कडांनी. डबीतून काढताना मधली कळ दाबून काढावी, कड उपसून वाकवू नये.

ठेवण्याचा प्रश्न आपल्याकडे जास्त अवघड. मे महिन्यात आपला पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि टिनाच्या छपराखाली त्याहून वर; लगेच जूनमध्ये दमट हवा. छपराखालची लोखंडी पेटी, खिडकीचा कट्टा, मोटारीची पुढची फळी, या तीन जागा सीडीच्या वैरी. घरातल्या सर्वांत थंड भिंतीशी, अंधाऱ्या फडताळात, डबीत घालून पुस्तकासारख्या उभ्या ठेवाव्यात. दमटपणाची थट्टा समजू नका. मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशात बुरशीने सीडीचा थर खाल्ल्याचे २००१ मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदविले आहे.

इतके करूनही एकच प्रत जपणे हा जुगार आहे. शिवाय नव्या संगणकांत सीडी घालण्याची खाच बहुधा नसतेच. हेमा रायरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतल्या बायांच्या जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. त्या आज ऐकावयास-वाचावयास मिळतात, कारण एका साधनावरून दुसऱ्यावर त्या वेळीच उतरविल्या गेल्या. गावच्या शिक्षकांना हे काम सहज जमेल. जुना संगणक अजून चालतो आहे तोवर गावातल्या सीड्या मागवाव्यात, मजकूर उतरवून दोन ठिकाणी ठेवावा, एक प्रत शाळेत आणि एक दुसऱ्या गावी. ज्वारीतली पाखरे हाकायला शेतात चकाकत्या सीड्या टांगलेल्या दिसतात. टांगण्याआधी एकदा यंत्रात घालून पाहाव्यात. आणि उतरवून घेतलेल्या प्रत्येक मजकुरासोबत वहीत चार गोष्टी लिहाव्यात : कोण गाते, कोणत्या गावची, कोणत्या साली, आणि गाणे कोणाकडून शिकली.