पालक कोण आणि कोठवर? : मतिमंदांच्या पालक-संघटना व पालकत्वाचा कायदा (१९४४–२०१६)

प्रस्तावना

मराठीत ‘पालक’ हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. जन्म देऊन वाढविणारे आईवडील हे पालक, आणि दुसऱ्याच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार कायद्याने ज्याला दिला तोही पालकच. सर्वसाधारण कुटुंबात या दोन अर्थांतील अंतर जाणवण्याचे कारण पडत नाही. मतिमंद अपत्याच्या कुटुंबात मात्र मुलाच्या अठराव्या वर्षी ते एकाएकी उघड होते. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचा आधार अज्ञान व्यक्तीपुरताच आहे. त्यामुळे मूल सज्ञान होताच, त्याला अंघोळ घालणारी, भरविणारी आई कायद्याच्या लेखी त्याची पालक राहत नाही. बँकेतील खाते, वारसाहक्काचे घर, एखादी सही अशा व्यवहारात ही गोष्ट समोर येते. ‘आमच्या पश्चात याचे कोण करणार?’ हा प्रश्न भावनिक मानला जातो, पण तो तितकाच कायद्याचाही आहे. या प्रश्नाने पालकांना शाळेकडून कायद्याकडे कसे नेले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. ‘मतिमंद’ ही संज्ञा आज मागे पडून ‘बौद्धिक दिव्यांग’ ही रूढ झाली आहे. तथापि विवेच्य काळातील कायद्यांची व संस्थांची भाषा तीच असल्याने येथे ती ठेवली आहे.

घरातून शाळेकडे

मुंबईत १९४४ साली वकील दांपत्याने डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी घरातच वर्ग सुरू केला. पुढे शिवडी येथे स्थिरावलेली जय वकील शाळा ती हीच. पुण्यात १९६४ साली कामायनी ही संस्था उभी राहिली. १९७२ मध्ये मिथू अलूर यांनी मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली, तीही मेंदूच्या पक्षाघाताने ग्रस्त अशा स्वतःच्या मुलीच्या शिक्षणाचा मार्ग सापडेना म्हणून. (सेरेब्रल पाल्सी हे बुद्धिमांद्य नव्हे; परंतु त्या काळी दोहोंना एकाच दारातून परत पाठविले जाई.) शासनाने नाकारलेले काम पालकाने आपल्या घरापासून आरंभिले, मग शेजारची मुले आली, विश्वस्त संस्था झाली, कालांतराने अनुदान मिळाले, असा हा क्रम अनेक ठिकाणी दिसतो.

महाराष्ट्रात या शाळा दीर्घकाळ शिक्षण खात्याकडे नव्हे तर समाजकल्याण खात्याकडे होत्या. ही केवळ प्रशासकीय बाब म्हणून सोडून देता येत नाही. मूल वर्गात बसले तरी शासनाच्या दप्तरी ते विद्यार्थी कमी आणि लाभार्थी अधिक होते.

शाळेने एक प्रश्न सोडविला आणि दुसरा पुढे ढकलला. मुले मोठी झाली, तेव्हा शाळांना जोडून कार्यशाळा निघाल्या. मेणबत्त्या, पाकिटे, फाइली तयार होऊ लागल्या. आईवडील मात्र थकत होते. डोंबिवलीजवळ खोणी येथील अमेय पालक संघटनेचे ‘घरकुल’ किंवा मुळशी तालुक्यातील कोळवणचे साधना व्हिलेज ही प्रौढांसाठीची निवासस्थाने या गरजेतून आली. साधना व्हिलेजमध्ये रहिवाशांना ‘विशेष मित्र’ म्हणतात. निवासाची सोय झाली, तरी त्या रहिवाशाच्या वतीने सही कोणी करावयाची हा प्रश्न उरलाच.

कायद्यातील एक उपवाक्य

१९१२ च्या इंडियन लुनसी ॲक्टने वेडसर आणि जन्मतः मंदबुद्धी अशा दोघांनाही ‘लुनॅटिक’ या एकाच व्याख्येत कोंबले होते. व्याख्या अपमानास्पद होती, न्यायालयीन चौकशीची वाट खर्चिक होती. तरीही मालमत्ता असलेल्या मतिमंद प्रौढासाठी पालक नेमून घेण्याची एक वाट त्यात होती. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाची व्याख्या करताना ‘मतिमंदत्व वगळता’ अशी पुस्ती जोडली. शास्त्रदृष्ट्या हे योग्यच होते. मतिमंदत्व हा आजार नव्हे आणि त्याची जागा मनोरुग्णालयात नाही, हे सांगावयासच हवे होते. परंतु १ एप्रिल १९९३ रोजी हा कायदा अंमलात येऊन जुना कायदा रद्द झाला आणि पालक नेमण्याची ती वाटही बंद झाली. योग्य व्याख्येने माणूस कायद्याच्या बाहेर पडावा, असे क्वचितच घडते.

सिकंदराबाद येथे १९८४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्थेने पालकांना एकत्र येण्यास व्यासपीठ दिले होते. १९९० च्या दशकाच्या मध्यास ‘परिवार’ हा देशातील पालक-संघटनांचा महासंघ आकारास आला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने मतिमंदत्वाला सात अपंगत्वांत स्थान दिले खरे. पण नोकऱ्यांतील तीन टक्के आरक्षण दृष्टी, श्रवण व हालचाल या तीन गटांतच वाटले गेले आणि पालकत्वाविषयी त्यात तरतूद नव्हती. महासंघाचा रेटा त्यामुळे वेगळ्या कायद्यासाठी राहिला. डिसेंबर १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यास कायदा झाला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठीच्या या न्यासाला केंद्राने शंभर कोटींचा निधी दिला. आईवडिलांच्या मृत्यूनंतर काळजी व संरक्षणाचे उपाय करणे हे न्यासाचे एक उद्दिष्ट कायद्यातच नमूद आहे. घराघरांत कुजबुजला जाणारा प्रश्न अशा रीतीने अधिनियमाचे कलम झाला. जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालकत्व मिळू लागले. नियुक्त पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी व दरवर्षी हिशेब देण्याचे बंधन आले. दिवाणी न्यायालयाच्या तुलनेत ही सोय मोठी होती.

शिरूर आणि चंदिगड

पालकाने पाल्याचे हितच पाहिले, असे गृहीत धरण्याची सोय मात्र इतिहास देत नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूर येथील शासकीय संस्थेतील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्यात ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढण्यात आली. मासिक पाळीतील स्वच्छता राखणे कठीण जाते, हे कारण देण्यात आले. स्त्री-संघटना व आरोग्य-कार्यकर्त्यांनी तीव्र विरोध केला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. विचार करण्याजोगी बाब ही की ही कृती या मुलींचा सांभाळ करणाऱ्यांच्या संमतीने आणि त्यांच्या ‘हिताच्या’ भाषेत झाली. काही आईवडिलांनाही ती समजण्याजोगी वाटली. त्यांच्यावर निष्ठुरतेचा ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. मुलीवर अत्याचार झाला तर काय, ही त्यांची भीती खरीच होती. परंतु शस्त्रक्रियेने गर्भधारणा टळते, अत्याचार टळत नाही.

पंधरा वर्षांनी चंदिगड येथील शासकीय आश्रयगृहातील एका मतिमंद तरुणीवर बलात्कार होऊन तिला गर्भ राहिला. प्रशासनाच्या मागणीवरून उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला. तिला मूल हवे होते. ऑगस्ट २००९ मधील निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने तिची इच्छा मान्य करण्याची कारणे दिली, आणि त्यांतील प्रमुख आधार ते जुने उपवाक्यच ठरले. २००२ च्या दुरुस्तीनंतर गर्भपात कायद्यात पालकाची संमती केवळ ‘मनोरुग्ण’ सज्ञान स्त्रीसाठी पुरेशी होती आणि मनोरुग्णाच्या व्याख्येतून मतिमंदत्व वगळलेले होते. तेव्हा राज्याला तिच्या वतीने संमती देण्याचा अधिकार नव्हता. ज्या शब्दांनी पालकांना निराधार केले होते, त्याच शब्दांनी या तरुणीला तिचा निर्णय मिळवून दिला.

२०१६ नंतर

भारताने ऑक्टोबर २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंग-हक्क कराराला मान्यता दिली होती. त्याला अनुसरून २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ‘मर्यादित पालकत्वा’ची कल्पना आणली. विशिष्ट निर्णयापुरते, विशिष्ट काळापुरते, त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून आणि परस्परविश्वासाने चालणारे असे हे पालकत्व. बौद्धिक दिव्यांगत्व आरक्षणातही प्रथमच आले. तथापि १९९९ चा कायदा रद्द झाला नाही. एकाच जिल्ह्यात एका कायद्याखाली सर्वंकष पालकत्वाचे प्रमाणपत्र मिळते, तर दुसरा कायदा तशा पालकत्वाला अपवाद समजतो. वृद्ध आईवडिलांचा कल स्वाभाविकपणे पहिल्याकडे असतो; त्यांना निर्णयाची नव्हे, सातत्याची हमी हवी असते. हक्कवादी कार्यकर्ते पुष्कळदा हा भेद नजरेआड करतात आणि पालकांच्या मागणीत केवळ अधिकाराची हाव पाहतात, हे एकांगी आहे. उलटपक्षी पालक-संघटनांनीही ‘आम्ही त्यांच्या वतीने बोलतो’ या भूमिकेची पुरेशी चिकित्सा केलेली नाही. स्पास्टिक्स सोसायटीची शाळा जिच्यासाठी निघाली त्या मालिनी चिब यांनी २०११ मध्ये स्वतःचे आत्मकथन प्रसिद्ध केले. बौद्धिक दिव्यांग व्यक्तींचे असे स्वतःचे लेखन मात्र विरळाच आढळते.

न्यास कायद्याने स्थानिक समितीत तीन सदस्य ठेवले आहेत : जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि १९९५ च्या कायद्यातील व्याख्येनुसार अपंग असलेली एक व्यक्ती. त्या व्याख्येत सातही अपंगत्वे येतात. म्हणून ही तिसरी खुर्ची अंध वा अस्थिव्यंग व्यक्तीला दिली तरी कायद्याची पूर्तता होते. ज्याच्या पालकत्वाचा निर्णय तेथे व्हावयाचा, त्याच्यासारखा कोणी त्या टेबलाशी असलाच पाहिजे, अशी अट कायद्यात नाही.